मास्क आणि धाप

करोनाच्या टाळेबंदीनंतर ३१ मे २०२०च्या सरकारी आदेशाने महाराष्ट्रात ‘पुनश्च हरिओम’ झालं. ३ जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात मोकळ्या जागी चालायला, पळायला आणि सायकल चालवायला परवानगी मिळाली. सव्वादोन महिने दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालणारी माणसं पुन्हा घराबाहेर पडली. ठाण्यात मासुंदा आणि कचराळी तलावाच्या कडेने, डोंबिवलीकरांच्या नव्वद फुटी रस्त्यावर, कल्याणात काळा तलावाभोवती सकाळची पावलं वाजू लागली. पुढे जुलैत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत टाळेबंदी परत आली, गेली, आणि चालणारे पुन्हा बाहेर पडले. पाय मोकळे झाले होते, तोंड मात्र बांधलेलं होतं. सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा होता, आणि तलावाच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला अनेकांना एकच प्रश्न पडत होता: हा दम नेहमीचा, की मास्कचा?

उत्तर देणारे पुष्कळ होते, पण त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२०मध्येच सांगून टाकलं की व्यायाम करताना मास्क लावू नये. श्वास घेणं अवघड होतं, घामाने मास्क लवकर ओला होतो आणि ओल्या मास्कवर जंतू वाढतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्टच्या सुरुवातीला जिम आणि योगवर्गांसाठी नियमावली काढली. आवारात मास्क हवाच, पण प्रत्यक्ष व्यायाम करताना शक्यतो फक्त व्हायझर वापरावा, कारण मास्कने, विशेषतः एन-९५ने, श्वासाला त्रास होऊ शकतो, असं त्यात म्हटलं होतं. व्यायामाआधी ऑक्सिमीटर लावून पाहावा आणि ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या खाली असलेल्याला व्यायाम करू देऊ नये, ही सूचनाही त्यातलीच. सप्टेंबरात केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी आणखी खुलासा केला: एकटा सायकल चालवणाऱ्याला मास्कची गरज नाही, पण दोघं-तिघं मिळून व्यायाम करत असतील तर मास्क लावावा आणि अंतरही ठेवावं. आपल्याकडच्या जिम उघडल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला.

त्याआधी मे महिन्यात चीनमधून एक बातमी आली होती. शाळेच्या मैदानावर मास्क लावून पळताना विद्यार्थ्यांचा मृत्यू झाल्याची. मृत्यू मास्कमुळेच झाला असं सिद्ध झाल्याचं काही पुढे आलं नाही, पण बातमी जगभर फिरली आणि भीती मागे ठेवून गेली. तेव्हाच्या सरकारी सूचनांमध्येही सावधगिरीच जास्त होती, आणि ते रास्तच होतं, कारण मास्क लावून व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाचं नेमकं काय होतं याची मोजमापं तोवर फारशी कुणी केलेली नव्हती. ती पुढच्या वर्ष-दीड वर्षात झाली. त्यांतून जे कळलं ते मात्र सूचना आणि अफवा जितक्या घरांत पोचल्या तितक्या घरांत कधी पोचलंच नाही.

आधी शरीराचा हिशेब. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. भरभर चालताना हा आकडा पंचवीस-तीस लिटरवर जातो आणि जीव तोडून पळणारा निरोगी तरुण शंभर लिटरच्याही पुढे जातो. एवढी हवा कापडातून ओढायची म्हणजे छातीच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंना जादा काम पडणारच. पण निरोगी माणसाच्या पळण्याला जो लगाम बसतो तो बहुधा फुप्फुसांमुळे बसत नाही. हृदय एका मिनिटात किती रक्त पायांच्या स्नायूंपर्यंत पोचवू शकतं, त्यावर मर्यादा ठरते. अगदी थकून थांबण्याच्या क्षणीही फुप्फुसांकडे बरीच क्षमता शिल्लक असते. मास्क जे काही घेतो ते या शिलकीतून घेतो.

दुसरी भीती कार्बन डायऑक्साइडची. ‘आपलाच सोडलेला श्वास आपण परत घेतो’ हे वाक्य तेव्हा घराघरांत ऐकू येत होतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंसंच. बसल्या जागी एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते आणि त्यातली दीडशे मिलिलिटरच्या आसपास नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. म्हणजे मास्क नसतानाही प्रत्येक श्वासात आपण आपलाच थोडा उच्छ्वास परत घेत असतो. मास्कच्या आतली पोकळी त्यात थोडी भर घालते. व्यायामात श्वास खोल होऊन दोन-अडीच लिटरवर गेला की त्या भरीचा वाटा आणखी कमी होतो. आणि मास्क हा वायू अडवूही शकत नाही. करोनाचा विषाणू साधारण शंभर नॅनोमीटरचा, तर कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच्यापेक्षा तीनशेपट लहान.

मग ज्यातून वायू बिनदिक्कत जातो तो मास्क सूक्ष्म कण कसे अडवतो? मेडिकलच्या दुकानात मिळणारा निळा सर्जिकल मास्क कात्रीने कडेला कापून पाहिला तर तीन थर सुटे होतात. बाहेरचा निळा थर पाणी झटकणारा, आतला पांढरा थर तोंडाची वाफ टिपणारा, आणि मधला, हाताला जेमतेम जाणवणारा, वितळवलेल्या पॉलिप्रोपिलिनच्या अतिशय बारीक तंतूंचा. खरं काम हा मधला थर करतो. त्याच्या तंतूंमध्ये विद्युतभार बसवलेला असतो, आणि कंगव्याला कागदाचे कपटे चिकटावेत तसे हवेतले कण त्यांना चिकटतात. म्हणून भोकं फार बारीक न ठेवताही गाळणी चांगली होते आणि श्वासाला वाट राहते. एन-९५मध्ये हा थर जाड असतो आणि मास्क चेहऱ्याला कडेने घट्ट बसतो. कडेने हवा निसटत नाही, म्हणूनच तो जास्त कोंडल्यासारखा वाटतो.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे टॉम लॉटन हे अतिदक्षता विभागातले डॉक्टर. मास्कने ऑक्सिजन घटतो ही अफवा खोडून काढायला जुलै २०२०मध्ये ते मास्क लावून सुमारे ३५ किलोमीटर पळाले. वाटेत थांबून थांबून बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८वर टिकून होता. एका माणसाचं पळणं हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण लोकांशी बोलण्याची ही रीत फार चांगली होती. मास्कच्या दंडाच्या पावत्यांच्या जोडीला आपल्या तलावांवर एखादा ऑक्सिमीटर आणि तो दाखवणारी एखादी नर्स उभी असती, तर पुष्कळांची धास्ती जागच्या जागी गेली असती.

प्रयोगशाळांतले निष्कर्ष पहिल्या नजरेत गोंधळात टाकतात. जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांना मास्कशिवाय, सर्जिकल मास्क लावून आणि एन-९५च्या तोडीचा एफएफपी-२ मास्क लावून, असं तीन वेळा व्यायामाच्या सायकलवर दमेपर्यंत बसवलं. एफएफपी-२मुळे शरीराचा कमाल ऑक्सिजन वापर १३ टक्क्यांनी घटला, पायांनी लावलेली कमाल ताकद मात्र फक्त पाचेक टक्क्यांनी. अमेरिकेत डॅलसमध्ये १८ ते २९ वयाच्या ३१ निरोगी तरुण-तरुणींना कापडी मास्क लावून ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा पळण्याचा वेळ १४ टक्के आणि कमाल ऑक्सिजन वापर तब्बल २९ टक्के कमी भरला. याउलट कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात १४ जणांवर, सात पुरुष आणि सात स्त्रिया, असाच प्रयोग झाला तर कापडी मास्क, सर्जिकल मास्क आणि मास्कविना, तिन्ही वेळा दमायला लागणारा वेळ सारखा, ताकद सारखी, रक्तातला ऑक्सिजन सारखा.

ही तफावत का, याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीतच असावं. माणूस किती ऑक्सिजन वापरतो हे मोजायचं तर त्याच्या तोंडावर यंत्राचा रबरी मुखवटा बसवावा लागतो. मास्क लावलेल्या माणसाला तो मुखवटा मास्कवरूनच चढवतात. त्यामुळे मास्क तोंडावर दाबला जातो, गाळणीची मोकळी जागा घटते, कडेने हवा गळते, आणि तलावावर चालणाऱ्याच्या वाट्याला कधी न येणारी घुसमट यंत्रावर बसलेल्याच्या वाट्याला येते. शिवाय मास्क लावला आहे हे त्या माणसापासून लपवता येत नाही. डॅलसच्या प्रयोगातल्या तरुणांनी वेग वाढला तसं कोंडल्यासारखं वाटत असल्याचं सांगितलं होतं. अशी भावना झालेला माणूस पाय थकायच्या आधीच थांबतो.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुझन हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचा सगळा अभ्यास चाळून २०२०च्या अखेरीस निष्कर्ष मांडला. श्वासाचं काम, रक्तातले वायू, हृदयाची गती यांवर मास्कचा परिणाम इतका थोडा आहे की जड व्यायामातही तो बऱ्याचदा मोजमापात सापडत नाही. धाप लागल्याची जाणीव मात्र वाढू शकते. २०२१मध्ये सस्कॅचवानच्या गटाने २२ अभ्यास आणि १,५७३ माणसांची आकडेवारी एकत्र केली. सर्जिकल काय किंवा एन-९५ काय, व्यायामाच्या कामगिरीत फरक दिसला नाही. श्वास जड वाटणं आणि कष्ट जास्त वाटणं हे मात्र पक्कं दिसलं, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही किंचित वाढलेला.

या आकड्यांचा कचराळी तलावावर चालणाऱ्याशी संबंध काय, हे थोड्या गणिताने कळतं. व्यायामतज्ज्ञ कष्ट मोजायला ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसणं म्हणजे एक मेट, भरभर चालणं चार ते पाच मेट, ताशी दहा किलोमीटर वेगाने पळणं साधारण दहा मेट. एखाद्या निरोगी चाळिशीच्या माणसाची कमाल क्षमता दहा मेट धरू. लाइपझिगचा १३ टक्क्यांचा फटका जसाच्या तसा मान्य केला तरी त्याच्याकडे ८.७ मेट उरतात. सकाळच्या फेरीला पाच पुरतात. म्हणजे मास्कने जे जातं ते क्षमतेच्या टोकाला जातं, आणि तलावावर चालणारे त्या टोकाच्या जवळपासही फिरकत नाहीत. टोकाला जातात ते स्पर्धेत पळणारे, येऊरच्या चढावर सायकल दामटणारे, जिममध्ये उसळ्या मारणारे. त्यांना मास्कचा अडसर खरोखर जाणवतो, आणि मास्क लावायचाच असेल तर त्यांनी वेग थोडा उतरवावा हे बरं.

तरीही चालणाऱ्याची तक्रार खोटी ठरत नाही. धाप ही नुसती ऑक्सिजनवर अवलंबून नसते. छातीच्या स्नायूंना किती जोर लावावा लागतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड किती आहे, गालांवरून आणि ओठांवरून हवा खेळते की नाही, या सगळ्याचा मेळ मेंदू घालत असतो. चेहऱ्यावर गार वारा घेतला की धाप कमी वाटते, हे डॉक्टरांना १९८०च्या दशकापासून प्रयोगांनी माहीत आहे. फुप्फुसाच्या रुग्णाला तोंडासमोर छोटा पंखा धरायला सांगतात तो याचसाठी. मास्क नेमकं उलटं करतो. गालांचा वारा बंद, आतली हवा कोमट आणि दमट. शरीराचा ऑक्सिजन जागेवर असतो, पण मेंदूला येणारे निरोप मात्र घुसमटीचे असतात. म्हणून ‘काही होत नाही, मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून कुणाची बोळवण करणं चूक, आणि ‘मास्कने ऑक्सिजन संपतो’ असं सांगून घाबरवणं त्याहून चूक.

आपल्या हवेने या त्रासात भरच घातली. लाइपझिग आणि सस्कॅचवानच्या प्रयोगशाळांतली हवा थंड आणि कोरडी ठेवता येते. ठाण्यात मे महिन्याच्या सकाळी सात वाजता गंजी अंगाला चिकटते आणि जूनमध्ये तर हवेतच पाणी असतं. अशा हवेत कापडी मास्क घामाने आणि वाफेने भिजायला वेळ लागत नाही. भिजलेलं कापड श्वासासरशी ओठांना चिकटतं आणि हवेची वाट अरुंद होते. जागतिक आरोग्य संघटनेची जूनमधली सूचना ऑक्सिजनच्या अंगाने फार सावध होती, पण घामाच्या अंगाने ती डोंबिवलीला अगदी लागू पडत होती. त्या दिवसांत व्यायामाला निघताना खिशात दुसरा कोरडा मास्क ठेवणाऱ्यांनी आपला निम्मा त्रास वाचवला.

व्यायाम म्हणून जे केले जात नाहीत, त्या कष्टांचा विचार या चर्चेत फारसा झाला नाही. १ फेब्रुवारी २०२१पासून सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळांत लोकलची दारं उघडली. कल्याण किंवा डोंबिवली स्थानकावर पाठीला बॅग, हातात डबा, गाडी सुटायला मिनिट उरलेलं, आणि पादचारी पुलाचा जिना. तो भराभर चढणं हे आठ-नऊ मेटचं काम आहे, सकाळच्या फेरीच्या जवळजवळ दुप्पट. वर पोचल्यावर अनेकांचा हात मास्क खाली ओढायला जायचा, आणि नेमक्या त्याच ठिकाणी गर्दी सर्वांत दाट असायची. धापा टाकणारा माणूस शांत बसलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा बाहेर फेकतो, म्हणजे विषाणू असेल तर तोही तितकाच जास्त. मास्क जिथे सर्वांत नकोसा वाटतो तिथेच तो सर्वांत गरजेचा असतो, हे पुलावर कुणी समजावून सांगितलं नाही. बाजार समितीत पोती वाहणारे हमाल, कचऱ्याच्या गाडीमागे धावणारे सफाई कामगार, पीपीई चढवून वॉर्डात उभे राहिलेले कर्मचारी, यांचं तर कामच दिवसभराचा व्यायाम. त्यांच्यासाठी दर तासाला पाच मिनिटं मोकळ्या हवेत मास्क उतरवायची सोय हा लाड नव्हता, कामाच्या नियमात असायला हवी होती.

४ डिसेंबर २०२१ला करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला आणि हनुवटीवर उतरलेले मास्क पुन्हा नाकावर गेले. २ एप्रिल २०२२च्या गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली.

मास्क लावून व्यायाम म्हटलं की आणखी एक गल्लत होते, तीही दूर करायला हवी. जिममध्ये काही तरुण काळा, झडपा असलेला जाड ‘ट्रेनिंग मास्क’ लावून पळताना दिसतात. तो लावला की हिमालयाच्या उंचीवर सराव केल्यासारखं होतं, अशी त्याची जाहिरात असते. तसं होत नाही. उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजनच कमी येतो. हा मास्क हवा फक्त अडवतो, विरळ करत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी २०१६मध्ये २४ जणांवर सहा आठवडे प्रयोग केला, तेव्हा हा मास्क श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणाऱ्या साधनासारखा वागतो, उंचीसारखा नाही, असंच दिसलं.

वर जे सांगितलं ते निरोगी प्रौढांबद्दल. दमा, सीओपीडी, हृदयविकार असलेल्यांकडे फुप्फुसांची किंवा हृदयाची ती शिल्लक कमी असते. त्यांनी मास्क लावून कष्टाचा व्यायाम करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि मास्क असो-नसो, व्यायामात छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबावं. ही लक्षणं मास्कच्या नावावर खपवू नयेत.

साथ ओसरली तरी ठाणे-कल्याण पट्ट्यात मास्कचा प्रश्न उरलाच आहे, फक्त आता तो विषाणूचा राहिलेला नाही. घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर अवजड वाहनं आणि मेट्रोच्या कामांची धूळ, आधारवाडीच्या कचराभूमीचा २०२१मध्ये ती बंद होईपर्यंत दरवर्षी खाल्लेला धूर, आणि डोंबिवलीची एमआयडीसी, जिथे जानेवारी २०१४मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये रस्ता गुलाबी झाला. या हवेत पळणारा माणूस बसलेल्यापेक्षा दहापट हवा आत घेतो, म्हणजे धूळही दहापट.

अशा ठिकाणी मास्कने शरीराला फायदा होतो का, याचं उत्तर बीजिंगमधून मिळतं. एडिनबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिनी सहकाऱ्यांबरोबर १५ निरोगी माणसांना शहराच्या मध्यवस्तीतून दोन तास चालवलं, एकदा धूळ गाळणारा मास्क लावून आणि एकदा न लावता. २००९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मास्क लावलेला असताना चालतानाचा वरचा रक्तदाब सरासरी ११४ होता, नसताना १२१. नंतर ९८ हृदयरोग्यांवर तोच प्रयोग झाला तेव्हाही मास्कने त्रास कमी झाला. म्हणजे स्वच्छ हवेत जो मास्क थोडी अडचण करतो, तोच घाणेरड्या हवेत हृदयाचा भार हलका करतो.

पण यासाठी कडेने घट्ट बसणारा एन-९५च हवा. सर्जिकल मास्कच्या गालांजवळच्या फटींतून धूळ आत येते, आणि दाढी असेल तर एन-९५सुद्धा नीट बसत नाही. हिवाळ्यात पहाटेची हवा ताजी असते हा समजही ठाण्या-डोंबिवलीत सोडून द्यावा. थंडीत रात्रभर धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते आणि ऊन चढल्यावरच वर उठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत साडेपाचऐवजी साडेआठला निघालेलं बरं. शिवाय एन-९५ कण अडवतो, वायू अडवत नाही. एमआयडीसीच्या बाजूने रसायनांचा उग्र वास येत असेल त्या सकाळी तो लावून पळण्यात अर्थ नाही; त्या दिवशी रस्ता बदलावा, नाहीतर खिडक्या लावून इमारतीचेच जिने चढावेत.